समोरच्या बाकाचं देणं

रोह्याच्या शाळेत मला ज्या सरांनी भूगोल शिकवला त्यांच्याविषयी लिहायचं कित्येक वर्षं मनात आहे. त्यांचं नाव मी देत नाही. हयात असताना कुणी सत्काराचा विषय काढला की ते उठून आत जायचे, आणि त्यांचा तो स्वभाव आजही मोडावासा वाटत नाही. पण ऋण मात्र उघडपणे सांगायला हवं. एखादी गोष्ट खरी आहे असं शास्त्रज्ञ कशाच्या बळावर म्हणतात, नवा सिद्धान्त ते कधी स्वीकारतात, कधी नाकारतात आणि नाकारलेला पुन्हा कसा उचलून घेतात, हे मी त्यांच्यापाशी शिकले. पुढे भूशास्त्र शिकले, तोच विषय शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली. त्या सगळ्याचा पाया कुंडलिकेच्या काठी घातला गेला होता.

आम्ही मूळचे पेणचे. गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत माझं लहानपण गेलं. वर्षभर घरात शाडूचा वास, आणि श्रावण लागला की रात्र रात्र जागून चाललेली डोळ्यांची आखणी. वडिलांना धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड घेऊन रोह्याला आलो. अंतर तसं थोडंच. वडखळ, नागोठणं, कोलाड करत एसटी पोचायची. पण पेण खाडीच्या अंगाचं आणि रोहा डोंगरांनी वेढलेलं. शाळेच्या व्हरांड्यातून समोर काळे कडे दिसत. ते किती जुने आहेत, कुठून आले, हे विचारावं असं कुणाच्या मनात येत नसे.

सर अष्टमीचे, म्हणजे नदीपलीकडचे. पुण्याच्या कॉलेजात भूशास्त्र घेऊन त्यांनी 1960 च्या सुमाराला पदवी घेतली होती. त्या काळी त्यांना शिकवलं गेलं ते असं: भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांच्यात एकेकाळी लांबच लांब भूसेतू होते, त्यांवरून वनस्पती आणि प्राणी इकडून तिकडे गेले आणि पुढे ते सेतू समुद्रात बुडाले. खंड मात्र जिथल्या तिथे. परीक्षेत त्यांनी हेच लिहिलं आणि चांगले गुण मिळवले. नोकरीला लागून दहा वर्षं व्हायच्या आत ते उत्तर पुस्तकांतून नाहीसं झालं. खंड सरकतात, हे आता सर्वमान्य झालं होतं. सरांनी जुनं पुस्तक रद्दीत घातलं नाही. नव्याच्या शेजारी ते फळीवर उभं असे. "दोन्ही पुस्तकं शहाण्या माणसांनी लिहिलीत," ते म्हणायचे. "मग मधे काय झालं, ते शिकण्यासारखं आहे."

ते शिकवण्याची त्यांची रीत वेगळी होती. नववीच्या सहामाहीनंतर त्यांनी वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडची बाकं आल्फ्रेड वेगेनरची, दाराकडची त्याच्या विरोधकांची. पुस्तकात उत्तर छापलेलंच होतं, त्यामुळे खिडकीकडची मुलं खुशीत. सर म्हणाले, "पुस्तकं मिटा. साल 1926 आहे. आता बोला."

वेगेनरची बाजू भक्कम होती. हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. जानेवारी 1912 मध्ये फ्रँकफर्टच्या सभेत त्याने खंड सरकण्याचा विचार मांडला आणि 1915 मध्ये त्याचं पुस्तक आलं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, एवढ्यावर तो थांबला नव्हता. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीचे जीवाश्म भारतात मिळतात, आफ्रिकेत मिळतात, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही मिळतात. एका प्राचीन हिमयुगाच्या खुणा या सगळ्या भूमींवर आहेत. आपल्या चंद्रपूरच्या बाजूलाही हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचे थर आहेत. आज जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथे हिमनद्या! खिडकीकडच्या मुलांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला बोलायला उरलंच काय?

सरांनी मला हॅरॉल्ड जेफ्रीजची बाजू दिली होती. केंब्रिजचा गणिती आणि भूभौतिकीचा मोठा अभ्यासक. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि जेफ्रीजचा मुद्दा समजावला. खंड कशाने सरकतात, याला वेगेनरचं उत्तर होतं की पृथ्वीच्या फिरण्यातून येणारा जोर त्यांना ध्रुवांपासून दूर ढकलतो आणि चंद्रसूर्यांची ओढ पश्चिमेकडे नेते. जेफ्रीजने हिशेब मांडला. हे जोर कितीतरी पटींनी अपुरे होते. भरती-ओहोटीची ओढ खंड सरकवण्याइतकी प्रचंड असती, तर तिने वर्षभराच्या आत पृथ्वीचं फिरणंच थांबवलं असतं. शिवाय समुद्रतळाचा खडक कठीण. त्यातून खंडाने नांगरासारखी वाट काढायची आणि स्वतः मोडायचं नाही, हे कसं? दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात मांडलं आणि खिडकीकडची बाकं गप्प झाली. सरांनी निकाल दिला: "वेगेनरने दाखवलेला पुरावा खरा. जेफ्रीजने काढलेला हिशेबही खरा. 1926 साली प्रामाणिक माणसाने काय करावं?"

या प्रश्नाने मला त्या वयात हादरवलं. तोवर मला वाटायचं, शास्त्रात एक शहाणा असतो, त्याला छळणारे अडाणी असतात आणि शेवटी शहाणा जिंकतो. सरांनी ते चित्र पुसलं. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये पेट्रोलियम भूशास्त्रज्ञांच्या संघटनेने या विषयावर परिसंवाद भरवला आणि तिथे बहुतेकांनी वेगेनरच्या विरोधात कौल दिला. विरोध करणाऱ्यांत काही फार चोख माणसं होती. त्यांनी विचारलेला प्रश्न टाळून पुढे जाता येत नव्हतं. काहींनी मात्र हा हवामानवाला आमच्या विषयात कशाला नाक खुपसतो म्हणून तोंड फिरवलं होतं. सर फळ्यावर दोन रकाने आखत. एकात दगडाबद्दलचे आक्षेप, दुसऱ्यात माणसाबद्दलचे. दोन्ही भरून झाले की दुसरा रकाना डस्टरने पुसून टाकत आणि म्हणत, "याला उत्तर द्यायची गरज नाही. पहिल्याला दिल्याशिवाय सुटका नाही."

वेगेनर 1930 च्या नोव्हेंबरात ग्रीनलंडच्या बर्फावर मोहिमेत असताना गेला. त्याच्या सिद्धान्ताला मान्यता मिळालेली त्याला पाहता आली नाही. दक्षिण आफ्रिकेचा अलेक्झांडर दु तॉइ तो विचार धरून राहिला, कारण तो तेच खडक दोन्ही खंडांवर पायी हिंडून पाहत होता. इंग्लंडच्या आर्थर होम्सने पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने खोलवरचा खडक सावकाश फिरत असावा आणि त्या प्रवाहांवर खंड वाहून नेले जात असावेत, अशी कल्पना मांडली. जेफ्रीजच्या प्रश्नाला उत्तराची दिशा इथे होती, पण ती तपासायची कशी हे कुणाला माहीत नव्हतं. तपासता येईना म्हणून ती तशीच बाजूला राहिली.

मग सर आम्हाला डोंगराकडे घेऊन गेले. रस्त्याच्या कामासाठी डोंगर कापलेला होता. काळ्या बेसाल्टचे थर, दोन थरांच्या मधे लालसर मातीचा पट्टा, आणि सगळ्याला छेदून वर गेलेली कठीण दगडाची उभी भिंत. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. जमिनीच्या भेगेत शिलारस शिरून तिथेच थिजला की अशी भिंत तयार होते. रोहा ते मुरूड या पट्ट्यात अशा डाइक पुष्कळ आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, थोडं मागेपुढे, लाव्ह्याचे पूर एकामागून एक येत गेले आणि त्यांनी आजच्या महाराष्ट्राचा बहुतांश भाग झाकला. अजूनही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो खडक शिल्लक आहे. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे. खाली पनवेलपासून दक्षिणेकडे येणाऱ्या एका पट्ट्यात मात्र ते समुद्राकडे वाकलेले आहेत.

सरांनी खिशातून होकायंत्र काढलं, दगडावर खडूने उत्तरेची रेघ ओढली आणि सांगितलं, की याच खडकाने जेफ्रीजच्या बाकाला पहिलं खणखणीत उत्तर दिलं.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा निवत 580 अंशांच्या खाली आला की ते कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात. शाडूच्या ओल्या मूर्तीवर उमटलेला अंगठा मूर्ती वाळल्यावर जसा पक्का होतो, तशी ती दिशा खडकात पक्की होते. आता चुंबकीय सुई मोकळी टांगली तर विषुववृत्ताजवळ ती आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी अधिकाधिक उभी होते. उत्तर गोलार्धात तिचं उत्तर टोक खाली झुकतं, दक्षिण गोलार्धात वर उचललं जातं. म्हणजे खडकातल्या चुंबकत्वाचा उतार मोजला की तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते निघतं. सह्याद्रीचा बेसाल्ट सांगतो, की तो थिजला तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. रोहा आज साडेअठरा अंश उत्तरेला आहे. फरक सुमारे पाच हजार किलोमीटरांचा. ज्या कड्याकडे पाहत आम्ही डबा खात होतो, तो कडा एवढा प्रवास करून आला होता!

हे मोजलं कुणी, ती गोष्ट सरांची सर्वांत आवडती. इंग्लंडचे पॅट्रिक ब्लॅकेट, 1948 चे नोबेल मानकरी. कोणताही मोठा गोल नुसत्या फिरण्यानेच चुंबक होतो, असा सिद्धान्त त्यांनी 1947 मध्ये मांडला होता. तो तपासायला त्यांनी जॉड्रेल बँक इथे लोखंडाचा अंशही नसलेली लाकडी खोली बांधवली, अतिसंवेदनशील चुंबकमापक घडवला आणि बँक ऑफ इंग्लंडकडून सुमारे 15 किलो शुद्ध सोन्याचा दंडगोल उसना आणला. आपला सिद्धान्त खरा असेल तर पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या त्या सोन्याभोवती क्षीण चुंबकीय क्षेत्र सापडायला हवं होतं. सापडलं नाही. 1952 मध्ये ब्लॅकेटनी स्वतःच सविस्तर निबंध छापून आपला सिद्धान्त बाद झाल्याचं जाहीर केलं. नंतर तसाच मापक त्यांनी खडकांचं क्षीण चुंबकत्व मोजायला वापरला. त्यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टचे नमुने मोजून 1956 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर हे सांगताना नेहमी थांबत. "स्वतःच्या सिद्धान्ताला मारायला बनवलेल्या यंत्राने दुसऱ्याचा सिद्धान्त जिवंत केला," म्हणत.

त्याच्याही आधी केंब्रिजच्या टेड आयर्व्हिंग नावाच्या विद्यार्थ्याने, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या मदतीने, भारतातून बेसाल्टचे मोजके नमुने मागवून भारत उत्तरेकडे सरकला असल्याचं ताडलं होतं. गोलावर विखुरलेल्या दिशांची सरासरी किती विश्वासाची, हे काढायची गणिती रीत फिशरनी 1953 मध्ये दिली, आणि आजही आम्ही तीच वापरतो. आयर्व्हिंगचा प्रबंध मात्र 1954 मध्ये नापास झाला. विषय इतका नवा होता, की तो जोखू शकतील असे परीक्षकच नव्हते. तो ऑस्ट्रेलियाला गेला, काम चालू ठेवलं आणि पुढे या क्षेत्रातला अग्रणी झाला. इकडे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच यांच्याबरोबर सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी दख्खनचे खडक अधिक विस्ताराने मोजले. 1959 मध्ये त्यांचा निबंध आला. निष्कर्षाची दिशा तीच होती. सहस्रबुद्धे हे नाव ऐकून आमच्या वर्गात कुजबुज झाली. एवढ्या मोठ्या वादात आपल्याकडचं माणूस आहे, आणि त्याने मोजलेला दगड आपल्या मागच्या डोंगराचा भाऊ आहे, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळलं.

त्या हिवाळ्यात सर आम्हाला अलिबागला चुंबकीय वेधशाळा दाखवायला घेऊन गेले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखलं, की त्या विजेने नोंदी बिघडतील. त्यांनी अलिबागची जागा निवडली, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत उभी झाली आणि 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन दोहोंचा मेळ घातला गेला. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये धावली, तोवर वेधशाळा निश्चिंत झाली होती.

या सहलीमागे सरांचा एक हेतू होता. पृथ्वीची चुंबकीय सुई एका जागी स्थिर नसते, वर्षांगणिक ती हलते, हे अलिबागच्या नोंदी दाखवतात. मग एका थराने सांगितलेल्या दिशेवर भरवसा कसा ठेवायचा? ती त्या एका शतकाची लहरही असू शकेल. म्हणून अनेक थरांतले अनेक नमुने घेऊन सरासरी काढायची, म्हणजे लहरी एकमेकींना मारतात. इथे बसून रोज आकडे उतरवणाऱ्यांना आपली वही कोणत्या सिद्धान्ताच्या कामी येणार याची कल्पना नव्हती. त्यांनी फक्त खोटं लिहिलं नाही आणि खाडा केला नाही. माझ्या ऋणांच्या यादीत ही अनाम माणसं फार वर आहेत.

मला वाटलं होतं, दख्खनच्या खडकाने साक्ष दिली आणि जग मानलं. तसं झालं नाही. 1959 नंतरही बहुसंख्य भूशास्त्रज्ञ, विशेषतः अमेरिकेतले, साशंक राहिले. त्यांचे आक्षेप सर आमच्या दाराकडच्या बाकांना पाठ करायला लावत. वीज पडून खडकाचं चुंबकत्व बदललं नसेल कशावरून? पुढे पुन्हा तापून जुनी खूण पुसली नसेल कशावरून? खंड न हलता पृथ्वीचा आसच कलला असेल तर? प्राचीन चुंबकीय क्षेत्र आजच्यासारखं दोन ध्रुवांचं होतं हे कुणी पाहिलं? प्रत्येक आक्षेपाने एक नवी रीत जन्माला घातली. नमुना टप्प्याटप्प्याने तापवून किंवा उलटसुलट क्षेत्रात ठेवून वरवरचं, मागाहून चढलेलं चुंबकत्व काढून टाकायची पद्धत आली. वेगवेगळ्या खंडांवरून त्याच काळातले ध्रुव काढले तेव्हा ते एका जागी पडेनात. नुसता आस कलला असता तर ते एकत्र पडले असते. विरोधकांनी पिच्छा पुरवला नसता तर ही सगळी कामं इतक्या काटेकोरपणे झाली नसती.

निर्णायक पुरावा समुद्रातून आला. 1962 मध्ये अरबी समुद्राच्या दक्षिण अंगाला, कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरून एका ब्रिटिश जहाजाने समुद्रतळाचं चुंबकत्व मोजलं. त्या आकड्यांवर फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी 1963 मध्ये म्हटलं, की रांगेच्या मध्यातून नवा तळ जन्मतो, दोन्हीकडे सरकतो आणि पृथ्वीचं चुंबकत्व उलटतं तशा त्यात सुलट-उलट पट्ट्या उमटतात. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी हीच कल्पना त्याच वर्षी, आधी, दोन नियतकालिकांना पाठवली होती. दोघांनीही परत केली. परीक्षणाची पद्धत चुकते तेव्हा अशी चुकते, आणि सर ते लपवत नसत. पण व्हाइन-मॅथ्यूजच्या कल्पनेलाही लगेच टाळ्या मिळाल्या नाहीत. तिच्यातून एक भाकीत निघत होतं: रांगेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या आरशातल्यासारख्या सारख्या दिसायला हव्यात. 1966 मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या एल्टानिन जहाजाच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि त्या तंतोतंत तशा निघाल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळं क्षेत्र फिरलं. खंड समुद्रतळातून वाट काढत नाहीत, तळासकट सरकतात. त्यामुळे जेफ्रीजचा दुसरा आक्षेप आपोआप गळून पडला. जेफ्रीज स्वतः मात्र 1989 मध्ये जाईपर्यंत मानले नाहीत. विज्ञान त्यांच्यासाठी थांबलं नाही, आणि त्यांनी शिकवलेलं भूकंपलहरींचं शास्त्र कुणी टाकूनही दिलं नाही.

दहावीत एकदा मी विचारलं, "सर, तुम्हाला स्वतःला कधी पटलं?" त्यांनी घरी नेऊन एक वही दाखवली. नोकरी लागल्यावर त्यांनी खंड सरकण्याविरुद्धचे आपले सगळे आक्षेप तिच्यात ओळीने लिहिले होते आणि प्रत्येकापुढे लिहिलं होतं, की काय दिसलं तर मी हे मागे घेईन. पुण्याला गेले की ग्रंथालयात बसून नवे अंक वाचायचे आणि परत आले की एखादी ओळ खोडायचे. शेवटची ओळ त्यांनी 1968 नंतर खोडली होती. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "माझ्याशी भांडतानाही असंच लिहून ठेवतात की काय कोण जाणे." सर हसले आणि मला म्हणाले, "अगं, मत असणं सोपं आहे. कशाने बदलेल ते आधी लिहून ठेवणं अवघड. तेवढं कर."

तेवढं करायचा प्रयत्न मी आयुष्यभर केला. मी पुण्याला शिकत होते तेव्हा आमचा काळा पाषाण दुसऱ्या वादात उभा होता. 1980 मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ यांनी डायनोसॉर एका अशनीच्या आघाताने संपले असं मांडलं. 1986 मध्ये व्हिन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दख्खनचे लाव्हापूरही त्याच सुमाराचे आहेत. 1991 मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर त्या आघाताची जागा म्हणून पुढे आलं आणि आघाताची बाजू जड झाली. तरी दख्खनचा वाटा किती, हा प्रश्न उरलाच. मी सरांना पत्रं लिहायची. उत्तरात ते दरवेळी विचारायचे, समोरच्या बाकाचं म्हणणं काय?

2019 च्या फेब्रुवारीत एकाच अंकात दोन निबंध आले. ब्लेअर शोन यांच्या गटाने, ज्यात अमरावतीचे सय्यद खाद्री होते, थरांमधल्या लाल मातीतल्या झिरकॉनच्या कणांवरून युरेनियम-शिसे पद्धतीने वयं काढली. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने, ज्यात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे होते, बेसाल्टमधूनच आर्गॉन पद्धतीने. डोंगर तेच. पहिल्या गटाच्या मते लाव्ह्याचा एक मोठा लोंढा आघाताच्या थोडा आधी सुरू झाला, दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा आघातानंतरचा. मतभेदाच्या मुळाशी जो थर आहे त्याचं नाव आपल्याच जिल्ह्यातल्या गावाचं: पोलादपूर. मी दोन्ही निबंध घेऊन रोह्याला गेले. सरांची नजर कमी झाली होती, मी वाचून दाखवलं. त्यांनी मला प्रत्येक आकड्यापुढची अधिक-उणेची मर्यादा पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाले, दोघांच्या मर्यादा धरल्या तर हे एवढे लांब नसावेत. पुढे शोन यांच्याच गटाने दोन्हींचे आकडे एका हिशेबात घालून पाहिले तेव्हा अनिश्चितता धरता त्यांच्यात बरंच जुळतं असं दिसलं. ते वाचायला सर नव्हते.

आज लोक मला विचारतात, शास्त्रज्ञ मत बदलतात, मग त्यांच्यावर विसंबायचं कशाला? मला हा प्रश्न दुखवतो, कारण त्यामागे फसवलं गेल्याची भावना असते. मी त्यांना दख्खनची हकिगत सांगते. इथे कुणी हात वर करून बहुमताने खंड सरकवले नाहीत. नोबेलवाल्याच्या शब्दालाही सूट मिळाली नाही. मोजणारे निरनिराळ्या देशांतले, रीती निरनिराळ्या, स्वभाव एकमेकांना न मानवणारे, आणि तरी आकडे एका ठिकाणी येऊ लागले तेव्हाच मान्यता आली. पन्नासहून अधिक वर्षं लागली, त्यात एका विद्यार्थ्याचा प्रबंध बुडाला, एका संशोधकाचा निबंध परत गेला. ही किंमत खरी आहे आणि ती झाकू नये. पण ज्या मताला कुणी विरोधच करू शकत नाही, त्या मतावर विसंबणं याहून कितीतरी महाग पडतं.

माझ्या वर्गातही दरवर्षी खिडकीकडची आणि दाराकडची बाकं असत. निवृत्त झाल्यावरही पेणची, रोह्याची मुलं घेऊन मी घाटात जाते. पोलादपूरच्या थराचा नेमका काळ आणि डायनोसॉरांच्या अंतातला त्याचा वाटा अजून पुरता ठरलेला नाही. यांतलंच कुणीतरी उद्या तो ठरवेल अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या मुलाला किंवा मुलीला उत्तम प्रयोगशाळा मिळो, आणि त्याहून आधी एक चोख, प्रामाणिक, पिच्छा न सोडणारा विरोधक मिळो, एवढाच आशीर्वाद सरांचं देणं म्हणून मी पुढे देते.